पुस्तक मिटून शिकवणाऱ्या बाई

ढमढेरे बाई माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या खराब माल मागायला.

नारायण पेठेत माझं काष्ठौषधींचं दुकान आहे. मुळ्या, साली, बिया, सुकी फळं. वैद्य आणि आयुर्वेदाची कॉलेजं हे माझं गिऱ्हाईक. चंद्रपूरच्या पलीकडून अठराव्या वर्षी पुण्यात आलो, आठ वर्षं दुसऱ्याच्या गोदामात पोती वाहिली आणि मग स्वतःची पाटी लावली. माल चोख, ही माझी एकमेव ऐट. अशा दुकानात फिकट सुती पातळ नेसलेल्या, खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "अशोकाची साल आहे का?"

"आहे. एक नंबर."

"एक नंबरची माझ्याकडे आहे. खोटी हवी."

माझं डोकं फिरलं. "बाई, सकाळपासून दुसरं कोणी भेटलं नाही का? मी काय भेसळ विकून राहिलो का इथे?"

"तुम्ही विकत नसालच," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण तुम्हाला कोणीतरी कधीतरी विकली असेल. एवढं मोठं दुकान, एकदाही फसला नाहीत? मग व्यापार कशाला करता, देवळात बसा."

आता हे खरं होतं. आदल्याच महिन्यात एका दलालानं खऱ्या अशोकाच्या नावाखाली रस्त्याकडेला लावतात त्या उंच झाडाची साल माझ्या गळ्यात मारली होती. ते पोतं मागे पडून होतं. मी चरफडत त्यातली मूठभर आणली. बाईंनी तुकडा मोडला, हुंगला, जिभेला लावला आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "सुंदर. इतकी चांगली खोटी साल मला वर्षभरात मिळाली नव्हती."

बाई जवळच्या आयुर्वेद कॉलेजात पहिल्या वर्षाला संस्कृत आणि संहिता शिकवायच्या. संहिता म्हणजे आयुर्वेदाचे मूळ जुने ग्रंथ. झाडपाला ओळखायला शिकवणारे मास्तर वेगळे होते. पण बाईंचं म्हणणं असं, की ज्या वस्तूचं नाव तोंडानं घेतलं ती त्याच आठवड्यात हाताला लागली पाहिजे, आणि खरीच्या शेजारी खोटी असली पाहिजे. "नुसती खरी दाखवली की पोरांना वाटतं आपल्याला सगळं कळलं." त्या दिवसापासून दर गुरुवारी दुपारी त्यांची पोरं माझ्या दुकानात येऊ लागली आणि माझी फजिती हाताळून बघू लागली. मी किती वेळा, कोणाकडून, कसा फसलो हे बाई मला त्यांच्यासमोर सांगायला लावायच्या. व्यापाऱ्यानं अशी स्वतःची अब्रू चव्हाट्यावर मांडू नये. पण मांडत गेलो. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

बाई भाव करत नसत, याचा मला फार राग यायचा. मी आकडा सांगितला की त्या पिशवीत हात घालायच्या. "अहो, थोडं तरी कमी करा म्हणा," मी एकदा वैतागून म्हणालो.

"का? तुम्ही खोटा सांगितलात का?"

"तसं नाही..."

"मग खऱ्याला कमी कसं करू?"

पुढच्या वेळेपासून मी त्यांना आधीच कमी करून सांगू लागलो. म्हणजे शेवटी जिंकल्या त्याच.

त्यांचा वर्ग मी दारात उभा राहून पाहिला आहे. कॉलेजला माल पोचवायला जायचो तेव्हा मुद्दाम त्या मजल्यावरून वळसा घालायचो. ग्रंथ टेबलावर असायचा, पण मिटलेला. शिकवताना तो उघडलेला मी कधी पाहिला नाही. बाई खिडकीशी डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि एकेक ओळ म्हणायच्या. पोरं ती दोनदा म्हणायची. चाळीस तोंडांत कोणाचे नुसते ओठ हलतायत हे त्यांना डोळे न उघडता कळायचं. "तिसरा बाक, भिंतीकडचा. तू काय चघळतोयस? गिळ तरी किंवा बोल तरी." एकदा एक मुलगी म्हणाली, "मॅम, पीडीएफ पाठवा ना ग्रुपवर." बाई म्हणाल्या, "पाठवते. आधी तू तुझं डोकं पाठव, कुठे जागा आहे ते बघते."

मी सातवी नापास. संस्कृत मला काय कळणार? पण मध्येच कानावर पिप्पली यायची, हरीतकी यायची, आणि माझ्या डब्यांवरची नावं ताल धरून चालत जाताना दिसायची. मी तीस वर्षं ज्यांना पोत्यात कोंबलं त्यांना कोणीतरी इतक्या अदबीनं हाका मारत होतं. एकदा बाईंनी मला पकडलंच. "बोरकुटे, दारात उभं राहून शिकायचे पैसे पडत नाहीत म्हणून उभे आहात का? आत या, बसा. तेही फुकटच आहे." पोरं हसली. मी पळालो.

त्या स्वतः औषध कोणालाच देत नसत. माझा गुडघा धरला तेव्हा मी विचारलं, तर म्हणाल्या, "मी शिकवते. ज्यांना शिकवलं ते देतात." त्यांचे विद्यार्थी पुणेभर पसरलेले होते, आणि कोणाकडे कोणाला धाडायचं याचं त्यांचं गणित जगावेगळं होतं. कोणाची डिग्री मोठी, कोणाचा दवाखाना मोठा, हे त्यांच्या खिजगणतीत नसायचं. कोणाला कुठला अध्याय पाठ होता, एवढंच त्या लक्षात ठेवत. "तापाला शनिवारातल्या त्या उंच मुलाकडे जा, त्याचा ज्वराचा अध्याय स्वच्छ होता. पण पोटाला जाऊ नका, तिथे तो अडखळायचा." मला म्हणाल्या, "गुडघ्याला धायरीला जा. ती पोरगी वाताचा सबंध अध्याय दोन श्वासांत म्हणायची."

मी धायरीला गेलो. ती पोरगी आता पन्नाशीची होती. कोणी पाठवलं ते सांगितल्यावर खदखदून हसली आणि माझा गुडघा दाबता दाबता तिनं म्हणायला सुरुवात केली. तीन श्वास लागले. म्हणाली, "बाईंना सांगू नका हं." गुडघा मात्र बरा झाला.

माझी मुलगी प्रणाली त्याच कॉलेजात लागली तेव्हा मी बाईंच्या घरी गेलो. दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे, दोन खोल्या. प्रणाली इंग्रजी शाळेत शिकलेली, संस्कृतचं नाव काढलं की रडकुंडीला यायची. मी सरळ बोलणीच सुरू केली.

"रोज एक तास शिकवणी द्या."

"मी शिकवण्या घेत नाही."

"बरं, अर्धा तास."

"नाही."

"आठवड्यातून दोन दिवस. म्हणाल ती फी."

"बोरकुटे, ही मार्केट यार्डातली बोली नाही. उठा आता."

मी उठलो नाही. मला लोक 'नाही' म्हणतात तेव्हा खरं बोलणं तिथून सुरू होतं, हे मी पोटासाठी शिकलोय. मी चहा मागितला. तो संपला तरी बसून राहिलो. दुसरा मागितला. शेवटी बाई म्हणाल्या, "सकाळी सहाला मी स्वयंपाक करते. ती येऊन ओट्याशी उभी राहून म्हणू शकते. चुकलं तर मी सांगेन. फी नाही. पण एक अट आहे. किती झालं, कुठवर आलं, असं तुम्ही तिला एकदाही विचारायचं नाही."

प्रणाली वर्षभर जात राहिली. पहिले दोन महिने कुरकुरत, मग न सांगता. घरी आंघोळ करताना ती अध्याय म्हणू लागली. मला विचारायची बंदी होती, पण ऐकायची नव्हती.

त्याच वर्षी ते झालं. ते सांगायचं म्हणूनच मी हे लिहायला बसलो, एरवी लिहिणं हा माझा धंदा नाही.

त्या ग्रंथात औषधांचे गण आहेत. एकेका कामाची दहा-दहा औषधं एकत्र सांगितलेली. खोकल्यावरचा गण आला की बाई दरवर्षी मला चिठ्ठी पाठवायच्या. मनुका, हिरडा, आवळा, पिंपळी, धमासा, काकडशिंगी, रिंगणी, दोन जातींच्या पुनर्नवा आणि भुईआवळा. दहा पुड्या जायच्या, वर्गात हातोहात फिरायच्या. त्या वर्षी चिठ्ठी आली ती सहाची. काकडशिंगीपाशी संपलेली.

चिठ्ठी घेऊन बाई स्वतःच आल्या होत्या. मी म्हणालो, "बाई, खोकल्याच्या पुड्या चार कमी लिहिल्या."

त्या चिठ्ठीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही. सहाच."

"दरवर्षी दहा जातात."

"सहाच, म्हटलं ना." आवाज चढलेला होता. बाईंचा आवाज दुकानात कधी चढत नसे.

मी फोनवर एका व्यापाऱ्याशी भांडत होतो. मला वाटलं, कॉलेजनं हात आखडता घेतला असेल आणि बाईंना ते सांगायची लाज वाटत असेल. मी सहा पुड्या बांधल्या आणि परत फोनवर भांडू लागलो. चिठ्ठी मी माझ्या सवयीप्रमाणे तारेत खोचली.

वर्ष संपलं, तोंडी परीक्षा आली. बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी पहिल्याला खोकल्याचा गण म्हणायला सांगितला. त्यानं सहा नावं घेतली आणि शेवटची ओळ म्हटली, जिचा अर्थ 'अशी ही दहा औषधं' असा आहे. परीक्षकांना वाटलं घाबरला. दुसरीनं सहा म्हटली आणि म्हणाली, अशी ही दहा. तिसऱ्यानंही तेच. सातव्या-आठव्या मुलापर्यंत परीक्षक हसायला लागले. नंतर हसू गेलं आणि त्यांनी सगळ्यांचे गुण कापले. सबंध वर्गानं कॉपी केली असा शेरा मारला.

प्रणाली घरी आली ती सरळ पलंगावर पालथी पडली. मी विचारलं, "अगं, पुस्तक उघडून बघितलं नव्हतंस का?"

"बघितलं होतं. सगळ्यांनी बघितलं होतं."

"मग?"

"आम्हाला वाटलं पाठभेद असेल." मग तिनं मला समजावलं. जुन्या हस्तलिखितांत कुठे एक शब्द असतो, कुठे दुसरा, कुठे ओळच नसते. याला पाठभेद म्हणतात. बाईंनीच शिकवलं होतं. "बाई पुस्तकापेक्षा वेगळं म्हणतायत म्हणजे बाईंना माहीत असलेली प्रत आणखी जुनी असणार, असं आम्ही ठरवलं, बाबा. वर्षभर आम्ही ते तसंच म्हणत होतो. परीक्षेत मला रिंगणी दिसत होती डोळ्यांपुढे. पण तोंड पुढे गेलं."

तिच्याच काय, वर्गातल्या कोणाच्याच मनात आलं नाही की बाई विसरल्या असतील. माझ्या आलं. मी तारेतून ती चिठ्ठी काढली आणि दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे गेलो.

माझा स्वभाव तापट आहे आणि त्या दिवशी पोरीचं रडणं कानात होतं. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "चाळीस पोरं एकच ओळ विसरतात? ही कॉपी आहे की शिकवणाऱ्याची चूक?"

प्राचार्य गोड माणूस. "बोरकुटे साहेब, बसा ना आपण. ढमढेरे मॅडम आमच्या ज्येष्ठ आहेत. निवृत्तीनंतरही आम्ही त्यांना मानधनावर ठेवलंय. त्यांच्याबद्दल असं म्हणायला काहीतरी पुरावा पाहिजे."

"पुरावा आहे माझ्याकडे." मी चिठ्ठी पुढे ठेवली. बाईंच्या वळणदार अक्षरात सहा नावं, खाली सही. "दरवर्षी दहा जायच्या. मी विचारलं, तर सहाच म्हणाल्या."

त्यांनी चिठ्ठी उचलली, दोनदा वाचली आणि खणात ठेवली. "आपण फार मदत केलीत," असं म्हणाले.

आठवड्यात पत्र निघालं. कॉपीचा शेरा रद्द, पोरांची पुन्हा तोंडी. मी जिंकलो होतो. त्याच आठवड्यात दुसरंही पत्र निघालं, ढमढेरे बाईंचं मानधन थांबवल्याचं. तब्येतीच्या कारणास्तव. कॉलेजला बाईंना काढायचंच होतं, हे मला नंतर शिपायानं सांगितलं. दोन वर्षं निमित्त शोधत होते. ते मी तारेतून काढून नेऊन दिलं. सौदा करताना समोरच्याला काय मिळतंय ते आधी बघायचं, हे मी कामाला नवीन लागलेल्या माणसालाही पहिल्या दिवशी सांगतो. तेवढं एकदाच बघायचं राहिलं. त्या कॉलेजला मी आजही माल देत नाही. त्यांचं काही अडत नाही, मला माहीत आहे.

निरोपाची शाल-नारळ झाली. मी गेलो नाही, प्रणाली गेली. भाषणं संपल्यावर बाईंना बोला म्हटलं तर त्या उठल्या आणि एवढंच म्हणाल्या: "मुलांनी परीक्षेत चूक केली नाही. मी म्हटलं तसंच त्यांनी म्हटलं. चाळीसच्या चाळीस. इतके चांगले विद्यार्थी मला कधी मिळाले नव्हते." आणि खाली बसल्या. प्रणाली म्हणाली, टाळ्या वाजवायचं कोणाला सुचलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी, पोरांच्या नेहमीच्या वेळेला, बाई एकट्या दुकानात आल्या. मी खुर्ची दिली. बसल्या नाहीत.

"चिठ्ठी तुम्ही दिलीत."

"दिली. पोरीवर चोरीचा आळ होता, बाई."

"बरोबर केलंत. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही."

मग मीच भडकलो. भडकलो की मला सोपं जातं. "मी तुम्हाला विचारलं होतं! तुमच्या तोंडावर विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, सहाच. मी काय करायला पाहिजे होतं?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. शिकवताना एखादं पोरगं अगदी जवळ येऊन अडखळलं की तशा बघायच्या.

"बोरकुटे, तुम्ही हिरड्याच्या एका पोत्यासाठी माणसाशी तीन दिवस भांडता. माझ्या घरी दोन कप चहा पिऊन उठला नाहीत. आणि त्या दिवशी मी एकदा 'सहाच' म्हटलं, तर लगेच मानलंत?"

बाईंनी काउंटरवरचा माझा हात क्षणभर थोपटला आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या. तेव्हा त्यांना कळलेलं होतं. आपल्या आतून एकेक ओळ जातेय, हे बहुधा त्या चिठ्ठीच्या दिवशीही कळलेलं होतं. कोणीतरी हट्ट धरून पुन्हा विचारावं, एवढीच त्यांची अपेक्षा असावी. आणि तेवढं करणारा माणूस त्यांनी मला समजलं, याचं मला अजून वाईट वाटतं. त्यांनी मला तेव्हाच शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तोही हिशेब त्यांनी मला चुकता करू दिला नाही, ही माझी त्यांच्याबद्दलची तक्रार आहे.

पुढच्या वर्षी भाच्यानं त्यांना पुण्याच्या कडेला, मांजरी गावात आपल्या घरी नेलं. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नव्या इमारती, त्यातल्या एकीत चौथ्या मजल्यावर. भाचा आणि सूनबाई चांगली माणसं. प्रणाली महिन्या-दोन महिन्यांनी जायची. मी तिला गाडीनं पोचवायचो आणि खाली थांबायचो. वर जायला माझे पाय उचलत नसत. ती खाली आली की मी विचारायचो, "ओळखलं?" ती आधी हो म्हणायची. मग म्हणायची, थोडं. मग काहीच म्हणेनाशी झाली.

गेल्या हिवाळ्यात, त्या जायच्या काही आठवडे आधी, मी वर गेलो. प्रणाली आता इंटर्न आहे. ती आत सूनबाईंशी औषधांच्या वेळा बोलत होती. बाई गॅलरीत उन्हाला बसून मटार सोलत होत्या. दाणे आणि टरफलं एकाच परातीत टाकत होत्या. मी शेजारच्या स्टुलावर बसलो. त्यांनी अदबीनं पदर सावरला, अनोळखी पुरुषासमोर सावरावा तसा.

"आपण?"

"मी वनौषधी विकतो. पेठेत दुकान आहे."

"अस्सं." थोडा वेळ मटार. "मुलंबाळं?"

"एक मुलगी आहे. आयुर्वेद शिकते."

बाईंचे हात थांबले. "संहिता कोणाकडे करते?"

मी म्हणालो, "ढमढेरे बाईंकडे."

त्यांनी नाव मनात फिरवून पाहिलं. ते कुठेच लागलं नसावं. पण चेहऱ्यावर एक काळजी आली. दूरच्या, आपल्याला ऐकून माहीत असलेल्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "शिकवतात का त्या अजून?"

प्राचार्यांच्या टेबलावर मी खरं बोललो होतो. त्या गॅलरीत मला ते नको होतं.

"शिकवतात," मी म्हणालो.

"रोज?"

"रोज. सकाळी सहाला."

"मग बरं," बाई म्हणाल्या आणि पुन्हा शेंग उचलली. "मुलीला सांगा, उशीर करू नकोस. त्यांना उशिरा आलेलं चालायचं नाही."

लिफ्ट बंद होती. जिना उतरताना प्रणाली सारखी विचारत होती, "बाबा, बाई काय म्हणाल्या? काही बोलल्या का तुमच्याशी?"

मी म्हटलं, "तुला वेळेवर ये म्हणाल्या."